ओ देणारी गुहा

पूर्वी शूर्पारक नगरात सुदंत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका व्यापाऱ्याच्या पोटी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. तरुणपणी त्याचे गलबत फुटले आणि तो एकटाच लाटांबरोबर एका बेटावर येऊन पडला.

बेट मोठे देखणे होते. पांढरी वाळू, गोड्या पाण्याचा झरा, नारळीची बने आणि पश्चिमेच्या कड्यात एक गुहा. खलाशी सांगत, तिथे एक यक्षिणी राहते. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून जो सुखरूप घरी पोचणार असेल त्याच्याच नावाला ती ओ देते. ज्याला ओ मिळाली नाही त्याला गलबतावर घ्यायचे नाही, नाहीतर सगळेच बुडतात, असा रिवाज होता. कोणी आपणहून त्याच्या जागी मागे राहिला तर मात्र चाले. समुद्राला माणूस मिळाला म्हणजे झाले.

सोमिलला यक्षिणी कधी दिसली नाही. दिसती तर त्याला बरेच वाटले असते, बोलायला कोणीतरी मिळाले असते. रोज ओहोटीला तो गुहेशी जाऊन स्वतःचेच नाव हाकारी. आत घुमून ते परत येई. दुसऱ्या कोणी आपल्याला हाक मारली असे क्षणभर वाटे, आणि तेवढ्यावर त्याचा दिवस निघे. भरतीला गुहेचे तोंड पाण्याने भरे आणि गुहा मुकी होई. तेव्हा त्याला फार एकटे वाटे. असे करता करता त्याचे केस पांढरे झाले.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, एके दिवशी भरतीच्या आधी एक गलबत आले, तेही शूर्पारकचे. खलाशांनी हौसेने बेट पाहिले, झऱ्यावर अंघोळी केल्या, शहाळी फोडली. सोमिलला बोलायची सवय राहिली नव्हती, शब्द अडखळत होते. गलबताचा प्रमुख, तांडेल कर्णक, त्याला म्हणाला, "चला आजोबा, घरी सोडतो तुम्हाला. आधी तेवढी हाक मारून घ्या."

सोमिलला ओ मिळाली. मग एकेकाने आपले नाव पुकारले. पुष्यक नावाचा आचारी झऱ्यावर पाणी भरीत राहिला होता, तो सर्वांत शेवटी आला. तोवर भरती चढली होती. त्याने घसा बसेपर्यंत हाका मारल्या, पण गुहा गप्पच.

सगळे गलबतावर चढले. पुष्यककडे कोणी पाहिना. सोमिल आधीच खलाशांच्या दाटीत बसला होता. कोणाचा तरी खांदा त्याच्या खांद्याला लागत होता आणि ते त्याला फार बरे वाटत होते.

तो म्हणाला, "तांडेल, भरतीला ती कोणालाच ओ देत नाही. ओहोटीपर्यंत थांबा, त्याचंही नाव येईल."

"ओहोटीला गलबत खडकांवरून निघायचं नाही, आजोबा. आणि या बेटावर रात्र कोणी काढत नाही," कर्णक खाली मान घालून म्हणाला. "मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण तुमच्या शब्दावर सगळ्यांचे जीव पणाला कसे लावू?"

वाळूवरून पुष्यक म्हणाला, "मला ओ मिळाली नाही असं आईला सांगू नका. तापाने गेला म्हणून सांगा."

सोमिलला घर हवे होते, फार हवे होते. तो गप्प बसला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. पण या बेटावर एकटे राहणे म्हणजे काय, हे त्या गलबतावर फक्त त्यालाच ठाऊक होते. तो उठला आणि खाली उतरला.

"याच्या जागी मी राहतो," तो म्हणाला. पुष्यक पायांवर पडला, तेव्हा त्याला उठवीत म्हणाला, "चढ बाबा लवकर. पाणी उतरेल."

शीड दिसेनासे होईपर्यंत सोमिल उभा राहिला. दिवस कलला, ओहोटी लागली. तो गुहेशी गेला आणि त्याने हाक मारली, "पुष्यक!"

गुहेने स्वच्छ ओ दिली. ऐकायला तो एकटाच होता.

इथवर सांगून तथागत म्हणाले, "भिक्षूंनो, तांडेल कर्णक म्हणजे आपला कोठार सांभाळणारा मंगलक. पुष्यक म्हणजे हा उत्तरक, ज्याला रानात एकट्याने राहायची भीती वाटते. आणि सोमिल मी होतो."

उत्तरकाने विचारले, "भन्ते, सोमिलचं पुढे काय झालं?"

"पुढे तो रोज दोन नावे हाकारी," तथागत म्हणाले. "स्वतःला जे सर्वांत हवे, तेच दुसऱ्याच्या हाती देणे, यालाच दानपारमिता म्हणतात."