पंचेचाळीस पावलांवरचा कढीपत्ता

"आणि कढीपत्ता?" अप्पांनी विचारलं. "तो कुठे घातलायस?"

मृत्युंजयनं आराखड्याच्या पार टोकाला बोट ठेवलं. "इथे, अप्पा. स्वयंपाकाला लागणारी झाडं सगळी एका जागी, मागच्या भिंतीला लागून. पुढच्या हिरवळीला अडथळा नको."

"अस्सं..."

अप्पांचं हे 'अस्सं' ऐकलं की मला धडकीच भरते. त्यानंतर कोणाची ना कोणाची खैर नसते.

मी सुगंधा. येरळेकाठच्या या मठात बावीस वर्षं स्वयंपाक करते. सातलिंग अप्पा इथले गुरू. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर एक पंचा, आणि बोलणं मोजकं. मृत्युंजय कोरे लहानपणी तीन वर्षं त्यांच्याजवळ शिकायला होता. आता सांगलीत बंगल्यांच्या, हॉटेलांच्या बागा आखून देतो. मोठं नाव आहे. ते त्याला स्वतःलाही चांगलं ठाऊक आहे, चालण्यावरूनच कळतं.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो गाडीतून उतरला आणि ओसरीवर हा भलामोठा कागद पसरून बसला. स्वतःच्या घरची बाग होती. मी आत चुलीपाशी होते, पण ओसरी आणि चूल यांच्यामध्ये नुसती एक चौकट. मला सगळं ऐकू येतं. न ऐकायचंही.

"धुणं कुठे वाळतं?" अप्पा.

"गच्चीवर. बागेतून दिसायला नको."

"न्हाणीचं पाणी?"

"मोरीतून पाइपनं थेट गटारात. घाण दिसत नाही कुठे."

"दुपारी चारला ऊन कुठे असतं?"

मृत्युंजयनं आराखडा फिरवून बघितला. "ते... बघावं लागेल."

"बाक कुठे मांडलास?"

"हिरवळीच्या मधोमध. ग्रॅनाइटचा आहे."

"चारच्या उन्हात ग्रॅनाइटवर कोण बसेल रे, लेका?"

मला हसू आलं. मी पदर तोंडाला लावला.

मृत्युंजय जरा तापला. "अप्पा, माझ्या बागा बघायला लांबून माणसं येतात. मासिकात फोटो आलेत. मी तुमच्याकडे चुका काढून घ्यायला नाही आलो. आशीर्वाद घ्यायला आलोय."

"मग घे की. कोणी अडवलंय?" अप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "झालं. आता हे सांग, घरच्या दारापासून कढीपत्ता किती पावलं?"

"असतील चाळीस... पंचेचाळीस."

अप्पा उठले. गुडघ्यावर हात टेकत आत आले आणि मला म्हणाले, "सुगंधा, आमटीला फोडणी घालतेस ना? तेल तापलं की मोहरी टाक. कढीपत्ता हा आणून देईल."

"अहो, पण कढीपत्ता तर..."

"गप बस."

आमचा कढीपत्ता चुलीमागच्या खिडकीलाच टेकलाय. हात बाहेर काढला की डहाळी हातात येते. पण अप्पांनी मृत्युंजयला परसात नेलं आणि म्हणाले, "ओढ्याच्या बाजूनं पंचेचाळीस पावलं मोजत जा. तिथे वळ, पंचेचाळीस मोजत परत ये, आणि मग तोड. मोहरी तडतडली की निघायचं."

मोहरी तडतडली. तो निघाला. घाईनं चालला बिचारा, पण शेवग्यापाशी चिखल होता, पायात कॉलेजकुमारासारखे पांढरेशुभ्र बूट, ते सांभाळत वळसा घालावा लागला. इकडे मोहरी काळी पडली, जिरं करपलं, मिरचीचा असा ठसका उठला की माझ्या डोळ्यांना धार लागली.

"जळाली हो फोडणी!" मी ओरडले. "वाटोळं झालं माझ्या तेलाचं! कशाला हे खेळ, अप्पा?"

मृत्युंजय धापा टाकत परत आला. हातात डहाळी. कढईतून नुसता धूर.

अप्पांनी खिडकीतून हात बाहेर घातला, एक डहाळी तोडली आणि माझ्यापुढे ठेवली. "पुन्हा घाल, बाई."

मी करपलेली कढई उतरवून घासायला घेतली.

आता एक सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल अप्पा म्हणजे फार नीटनेटका माणूस. छे! ज्ञान अफाट, पण विसरभोळेपणा त्याहून अफाट. परसात बघाल तर डोळे निवतील. मोरीच्या पाण्यावर केळ आणि हातभर पानांचा अळू, दाराशी गवती चहा, सकाळचं ऊन येतं तिथे मोगरा, संध्याकाळची सावली पडते तिथे बसायला फरशी. पायवाटा कोणी आखल्या नाहीत, माणसं जिथून चालली तिथे त्या झाल्या. इतकी देखणी जागा मी दुसरी पाहिली नाही. पण यातलं एकही झाड अप्पांनी लावलेलं नाही! ते रोप कुठूनतरी आणतात आणि कुठेतरी ठेवून विसरतात. मग आल्यागेल्याला लावावं लागतं. पेरू एका रिटायर मास्तरांनी लावला, केळ सासरहून परत आलेल्या एका मुलीनं.

मी स्वतः इथे एका दिवसासाठी आले होते. धनी गेले त्या वर्षी. खरं सांगायचं तर जगायची इच्छाच उरली नव्हती. दर्शन घ्यायचं आणि पुढचं पुढे, एवढाच विचार. तर पायरीवर मोगऱ्याचं रोप पडलेलं, मुळं उघडी, पानं सुकत चाललेली. मला राहवेना. खड्डा केला, लावलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, जगलंय का बघून मग जावं. तिसऱ्या दिवशी पाणी घालायला कोणी दिसेना... असं करत बावीस वर्षं गेली. अजून मी या माणसाच्या विसरभोळेपणाला बोल लावते.

असो. मृत्युंजय उंबऱ्यावर बसला होता. चढलेला आवाज खाली आला होता.

"ही बाग कोणासाठी?" अप्पांनी विचारलं.

"अव्वासाठी."

अव्वा म्हणजे त्याची आई, पारव्वा. मी तिला पाहिलंय. जतकडच्या खेड्यातली, ताठ कण्याची बाई. कोणाला रिकाम्या हातानं बसू द्यायची नाही, स्वतः तर मुळीच नाही.

"वडील गेल्यावर तिला सांगलीला आणलं," तो म्हणाला. "आठ महिने झाले. ती खोलीतून बाहेर येत नाही, अप्पा. तिच्यासाठी तीनदा बाग केली. तीनदा उखडली. गुलाब लावले, कारंजं केलं. ती खिडकीतून बघते आणि म्हणते, छान आहे हो."

"स्वयंपाक?"

"बाई ठेवलीय. अव्वाला आम्ही काडी उचलू देत नाही."

"झाडांना पाणी?"

"ठिबक आहे. टायमरवर चालतं. बाकीचं माळी बघतो."

"मग अव्वा काय करते?"

मृत्युंजयनं कागदाची कड दुमडली, पुन्हा सरळ केली.

"...जेवण टाकलंय तिनं. दोन घास खाते आणि ताट सारते. सोमवारी मला गावी सोड म्हणते. गावचं घर पडलंय, अप्पा. शेजारी कोणी राहिलं नाही. तिथे ती एकटी..." एवढा मोठा माणूस, मोठमोठ्या हॉटेलांच्या बागा आखणारा, डोळे पुसायला रुमाल शोधू लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

पाणी प्यायला आणि एकदम सावरला. खिशातून पेन्सिल काढली.

"कळलं मला, अप्पा! कढीपत्ता स्वयंपाकघराच्या दाराशी. बाक सावलीत, लाकडी. मोरीचा पाइप काढून पाणी बागेत, त्यावर केळ, अळू, सगळं. आज गुरुवार. दहा माणसं लावतो, रविवारपर्यंत बाग तयार! अव्वाला एक बोटसुद्धा..."

"अस्सं..." अप्पा म्हणाले.

पेन्सिल थांबली.

अप्पा परसात गेले. मोरीच्या कडेला उकिडवे बसले, बोटांनीच चिखल उकरला आणि अळूचा एक गड्डा काढला. त्याला एकच कोवळं पान होतं. परत आले आणि चिखलासकट तो गड्डा त्या पांढऱ्याशुभ्र आराखड्यावर ठेवला. मृत्युंजयच्या अंगावर काटा आला असणार, पण कागद ओढून घेतला नाही त्यानं. पोरगं मुळात चांगलं आहे.

"पाइप तेवढा काढ," अप्पा म्हणाले. "पाणी मोकळं सोड. बाकी हा कागद गुंडाळून ठेव."

"आणि हा अळू? कुठे लावू?"

"लावू नकोस."

"मग?"

"मोरीजवळच्या पायरीवर ठेव. अव्वाच्या खिडकीतून दिसेल असा. आणि कामाला निघून जा."

"उघड्यावर? अप्पा, पाणी शेजारून वाहणार आणि हा तिथे कोरडा पडणार? दुपारपर्यंत पान मान टाकेल त्याचं!"

"टाकेल की."

माझी पळी कढईतच राहिली. पायरी... उघडी मुळं... सुकत चाललेली पानं... मी अप्पांकडे बघितलं. ते माझी नजर चुकवून खिडकीबाहेरच्या मोगऱ्याकडे बघत होते. लबाड म्हातारा! बावीस वर्षं मी त्यांना विसरभोळे म्हणत आले, आणि या माणसानं एकदाही तोंड उघडलं नाही. पुन्हा घातलेली फोडणीही माझी जळाली, पण त्याचं मला काही वाटलं नाही. उठून त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं.

मृत्युंजयनं गड्डा दोन्ही हातांत उचलला. चिखल त्याच्या बाह्यांवर ओघळत होता.

"आणि अव्वानं विचारलं, हा कोणी टाकला इथे, लावला का नाही... तर काय सांगू?"

अप्पांनी पंच्याला हात पुसले.

"सांग... विसरलो."