कानात सांगितलेलं

“...मग त्याला माझ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे कसे ठाऊक, आक्का? परक्या माणसाला कसे ठाऊक असतील?”

चिकोडे मास्तर मोबाइल उंच धरून मठाच्या अंगणात रेंज शोधत होते. विचारत होते आक्कांना, पण बघत होते आभाळाकडं.

मठाच्या गुरू तुळसाआक्का ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढं.

फोन बोलता बोलता तुटला होता. पलीकडचा माणूस म्हणाला होता, बँकेतून बोलतोय, तुमच्या कार्डावर दिल्लीत कुणीतरी खरेदी करतंय, थांबवायची असेल तर घाई करा. मास्तरांनी कार्डावरचा लांबलचक नंबर सांगितला. मुदतीचा महिना सांगितला. मागचे तीन आकडेही सांगितले. आता मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येऊन पडला होता. तेवढा वाचून दाखवायचा राहिला, आणि नेमकी रेंज गेली.

मी केरबा. गावात माझी पिठाची गिरणी आहे. दर गुरुवारी मी मठात येतो, मास्तरही येतात.

गेल्या वर्षी मीही असाच एक ओटीपी सांगून बसलो होतो. गिरणीच्या नव्या मोटरीसाठी ठेवलेले पैसे गेले. तेव्हा ह्याच अंगणात मास्तर चारचौघांत म्हणाले होते, “केरबा, सव्वीस वर्षं बोर्डाचे पेपर माझ्या ताब्यात असायचे. एक ओळ कधी फुटली नाही. माणसाला तोंड बंद ठेवता आलं पाहिजे.”

ते बोलणं मला अजून सलत होतं. खोटं कशाला बोलू?

तरी मी म्हणालो, “मास्तर, नका सांगू.”

“तुझं वेगळं, केरबा. तू कुणातरी भामट्याला सांगितलंस. हा बँकेचा माणूस आहे.”

ओट्याच्या कडेला शालनवैनी, मास्तरांच्या मंडळी, पाय लांब करून बसल्या होत्या. सोमवारी मिरजेला त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दोन वर्षं त्या घराबाहेर पडायच्या त्या मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवूनच. ऑपरेशनचे सगळे पैसे त्याच खात्यात होते.

“अहो, मेसेजात काय लिहिलंय ते तरी नीट वाचा,” वैनी म्हणाल्या.

“कुणालाही सांगू नका, असं लिहिलंय.” मास्तरांनी वाचलं. “अगं, म्हणजे बाहेरच्याला. हा बँकेनंच पाठवलाय आणि बँकच मागतेय. ज्यानं दिला त्याला सांगायला काय हरकत आहे?”

आक्कांचे हात थांबले.

“मास्तर, हिकडं ये.”

“एक मिनिट, आक्का. रेंज...”

“ये म्हणलं न्हवं?”

मास्तर आले. ओट्यावर त्यांच्यासमोर बसले. मोबाइल मांडीवर ठेवला.

आक्कांनी डोक्यावरचा पदर मागं सारला, कान मोकळा केला आणि वाकून तो मास्तरांच्या तोंडाशी नेला.

“एकवीस वर्सं झाली. हितंच बसून तुझ्या कानात मंत्र दिला हुता. सांग बघू.”

मास्तर दचकले. मीही.

आमच्या मठाचा नेम आहे. आक्का मंत्र कानात देतात, आणि पुन्हा तो कुणापुढं म्हणायचा नाही. बायकोपुढं नाही, भावापुढं नाही. माझ्या आईनं मला माझा विचारला होता. मी सांगितला नाही म्हणून दोन दिवस ती माझ्याशी बोलली नव्हती.

“आक्का... आत्ता?”

“आत्ताच.”

“केरबा आहे इथं. ही आहे...”

“म्हणून तर कान फुडं केलाय. हळू सांग.”

मास्तर झुकले. ओठ हलले. मग तसेच थांबले.

“तुम्हीच म्हणाला होता, आक्का. कुणालाही सांगायचा नाही.”

“मग? मी भायेरची हाय व्हय?”

“तसं नाही...”

“मीच दिलाय न्हवं? ज्यानं दिला त्येला सांगायला काय हरकत हाय?”

आपलंच वाक्य परत आलेलं मास्तरांनी ओळखलं असावं.

कान तसाच पुढं होता. म्हातारीची मान आता जराशी थरथरत होती, पण ती मागं घेत नव्हती.

“तुम्हीच दिलाय,” मास्तर अगदी हळू म्हणाले. “मग तुम्ही... मला कशाला विचाराल?”

मांडीवरचा फोन वाजला.

सगळ्या अंगणात नव्हती ती रेंज त्या ओट्यावर होती. फोन वाजत राहिला. वैनींनी खांब घट्ट धरला होता.

आक्कांनी कान मागं घेतला, पदर सारखा केला. “उचल की.”

मास्तरांनी उचलला. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. मोठा गोड आवाज होता.

“सर, लवकर सांगा. दोनच मिनिटं उरलीत. आलाय ना नंबर?”

“आलाय. तुम्हीच पाठवलात ना?”

“हो सर, आम्हीच.”

“मग तुम्हाला ठाऊक असेल. तुम्ही सांगा, मी इथं ताडून बघतो.”

“सर, तसं नसतं. तुम्ही सांगायचा असतो.”

“तुम्ही सांगा.”

मग तो गोडवा एकदम गेला. “ए म्हाताऱ्या, पैसे गेल्यावर बस बोंबलत!” आणि फोन बंद झाला.

मास्तरांनी मोबाइल ओट्यावर ठेवला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या बघण्यात शिकवणं नव्हतं.

“केरबा, बाकीचे सगळे आकडे दिलेत रे मी त्याला. आता काय करायचं?”

“कार्डाच्या मागं बँकेचा फोन नंबर छापलेला असतो. तिथंच लावायचा. त्यानं दिलेला नको, मोबाइलवर शोधून काढलेलाही नको. आधी कार्ड बंद करून घ्या.”

हे मी गेल्या वर्षी शिकलो होतो, पण पैसे गेल्यावर.

मास्तरांनी घाईनं पाकीट उघडून कार्ड माझ्या हातात दिलं. मी आकडे वाचले आणि वैनींनी दाबले.

बँकेतली बाई फोनवर आली. तिनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. ओटीपी विचारला नाही. मास्तर आपणहून सांगायला निघाले तर म्हणाली, “नको सर, तो मलाही सांगू नका.”

मास्तरांनी चोरून आक्कांकडं पाहिलं. आक्का शेंगा सोलत होत्या.

थोड्या वेळानं ती बाई म्हणाली, कार्ड बंद केलंय. एक मोठी खरेदी अडकून राहिली होती, ती झालेली नाही. खात्यातून काही गेलेलं नाही. नवं कार्ड घरी येईल.

फोन ठेवल्यावर वैनींनी विचारलं, “म्हणजे सोमवारी जायचं ना?”

“जायचं.” मास्तर वैनींशेजारी जाऊन बसले. “जायचं, शालन.”

वैनी हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. आमचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, आणि तो मनापासून. मास्तरांची जिरावी असं वर्षभर वाटत होतं. आज ती जिरली, आणि मला नुसतं हलकं वाटत होतं.

मी आत जाऊन चहा ठेवला. कपात ओतताना साखर जास्त झाल्याचं लक्षात आलं, पण कुणी काही बोललं नाही.

“केरबा,” मास्तर म्हणाले, “गेल्या वर्षी मी तुला बोललो ते चुकलं. चारचौघांत बोललो ते तर फारच चुकलं.”

“असू दे, मास्तर.”

अर्धा कप चहा पोटात गेला आणि मास्तरांच्या पाठीचा कणा पुन्हा ताठ झाला.

“तसं आक्कांनी कान पुढं केला तेव्हाच मी ओळखलं होतं. परीक्षा होती ती. तर्क अगदी साधा आहे बघ, केरबा. ज्यानं दिलं, त्याला ते ठाऊकच असतं. त्यानं विचारलं की समजायचं, काहीतरी वेगळं आहे. आक्कांना मंत्र ठाऊक आहे. त्या तो खरोखर कशाला विचारतील?”

“झालं, भरला वर्ग,” वैनी म्हणाल्या.

आक्कांनी सुपातली शेवटची शेंग उचलली. सोलली. दाणे तळहातावर घेतले.

“परीक्षा कसली रं, मास्तर? मला अजून ठाऊक असता, तर इचारला कशाला असता?”