फेनकमळाचं तोंड

“…आणि एवढं अंगभर पांघरून बसलंय, तर डोक्यावर भोक कशाला ठेवलंय त्यानं?” माईंनी विचारलं.

मृण्मयी दगडांवर ओणवी झाली होती, एक डोळा मिटून, दुसऱ्याला भिंग लावून. समोर पांढऱ्या लोकरीचा गोळा होता, एखाद्या बाळाचं टोपडं वाऱ्यानं उडून दगडांत अडकावं तसा. फेनकमळ. गवताचीही हद्द संपते, नुसते सुटे दगड उरतात, तिथून त्याचा मुलूख सुरू होतो.

“बाहेरून फूल दिसतच नाही, माई. पानांवरची लोकर एवढी वाढते की पानं, खोड, सगळं तिच्यात बुडून जातं. फुलं आत असतात, बारीक, जांभळट. बाहेर बर्फ भुरभुरलं तरी आत ऊब टिकते. पण सगळंच मिटून घेतलं तर भुंगा आत येणार कसा? आणि भुंगा आला नाही तर बी धरणार नाही. म्हणून माथ्यावर तेवढं तोंड उघडं.”

उत्तर नेमकं झालं होतं. परीक्षकांपुढे दिलं असतं तर… तिनं तो विचार झटकला.

माईंचं ‘हं’ आलं नाही.

पहिलं खटकलं ते एवढंच. माई कुणाचंही बोलणं ‘हं’ म्हटल्याशिवाय सोडत नसत. खेचर खिंकाळलं तरी त्यांचा हुंकार असायचाच.

तिनं मान वर केली.

माई नव्हत्या. चढ नव्हता, उतार नव्हता, आकाशही नव्हतं. धुकं केव्हा आलं आणि केव्हा बसलं, तिला कळलंच नव्हतं. हातभर जमीन, ते फूल आणि ती. बाकी सगळं पुसलेलं.

माई मूळच्या वाईच्या. तरुणपणी गढवालात आल्या आणि झाडं संपतात तिथं एका दगडी खोपटात राहिल्या, त्या राहिल्याच. मृण्मयी पुण्याची. याच फुलावर तिनं प्रबंध लिहिला होता. फक्त तोंडी परीक्षा द्यायची राहिली होती. ठरल्या दिवशी ती परीक्षेच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तशीच मागं फिरली. मग नमुने बघायला म्हणून इथं आली, आणि उन्हाळा सरला तरी हलली नाही. आता परीक्षेची दुसरी तारीख तोंडावर आली होती. ही चुकली की संपलं. खेचरवाले उद्या खाली उतरणार होते, यंदाची त्यांची शेवटची खेप.

सकाळी चुलीपाशी तिनं विचारूनच टाकलं होतं.

“मला इथंच ठेवून घ्या, माई.”

“का?”

“इथं भीती वाटत नाही.”

“काल चुलीत लाकूड फुटलं तेव्हा ताटली कुणी टाकली मग?”

मृण्मयी चुलीतलं लाकूड उगाचच आत सारू लागली.

“आणि मला हाक का मारत नाहीस गं? आल्यापासून एकदा नाही. दारात येऊन उभी राहतेस, मी वळून बघेपर्यंत. परवा वळले तर माझ्याच काळजाचं पाणी झालं. मांजर बरं, निदान म्यावं तरी करतं.”

“सवय नाही मला…”

“हं.” तव्यावरची भाकरी करपायला लागली तेव्हा कुठं माईंनी ती उलटली. “आधी तुझं ते फूल दाखव. राहायचं की जायचं, ते वर सांगते.”

निघताना माईंनी डोंगरचा एक नियम सांगितला होता. मेंढपाळ पाळतात, आपणही पाळायचा.

“धुकं आलं की आहे तिथं बसायचं. पुढं गेलेला माणूस इथं हाक मारत नसतो. त्यानं मारली की मागचा तिकडं धावतो, आणि हे दगड असले, एक हलला की सगळे निघाले. हाक मागच्यानं मारायची. पुढच्यानं ओ द्यायची. मग त्या ओच्या अंदाजानं, पाय चाचपत जायचं.”

“आणि मागच्यानं हाक मारलीच नाही तर?”

“तर पुढच्याला वाटतं, बसलाय आपला सुखानं.”

आता मागं राहिलेली मृण्मयी होती. ती बसली. सुखानं नाही.

वर कुठंतरी एक दगड घरंगळला. ती अशी दचकली की टाच सुटली, आणि पायाखालचे चार दगड खडखडत खाली गेले. खाली म्हणजे कुठं, ते ऐकू आलं नाही. आधारासाठी हात फेनकमळाकडे गेला… आणि मागं आला. तिनं जमिनीतच बोटं रुतवली.

बोटं गार पडली. मग मनगटं.

कुणीतरी वळून बघेल, असं तिला वाटत राहिलं. आजवर बघितलं होतं. आईनं, शाळेतल्या बाईंनी, वसतिगृहातल्या मुलींनी. दारात उभं राहायचं, की कधीतरी कुणीतरी वळतं. इथं वळायला कुणी दिसत नव्हतं, आणि दारही नव्हतं.

तेवढ्यात एक भुंगा आला. ओल्या पंखांनी धड उडताही येत नव्हतं त्याला. एका दगडावर आपटला, दुसऱ्यावर आपटला, मग लोकरीच्या गोळ्यावर चढला, माथ्यावर पोचला आणि आत शिरला. मागचे पाय दिसत होते. मग तेही दिसेनात. लोकर जराशी हलली आणि थांबली.

मृण्मयी बघत राहिली.

तिच्या प्रबंधात या लोकरीवर पानंच्या पानं होती. तिची जाडी, तिचे पदर, आतली ऊब, बाहेरची थंडी. माथ्यावरच्या तोंडाबद्दल एक ओळ होती. तीही कुणीतरी सुचवली म्हणून.

“माई…”

एवढं हळू, की आतल्या भुंग्यालाही कळलं नसेल.

काही नाही.

त्या दिवशी त्या खोलीच्या दाराशीही आवाज असाच आत राहिला होता. तेव्हाही ‘आत येऊ का’ हे शब्द गळ्यापर्यंत आले होते. तिनं गिळले होते. गिळायचं म्हटलं तर आताही जमलं असतं. त्याची तिला चांगली सवय होती.

तिनं बोटं मातीतून काढली, आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाभोवती धरली.

“माई!”

हाक धुक्यात गेली, वरच्या कड्याला लागली आणि परत आली. परत आलेला तो आवाज तिला ओळखू येईना. कुणातरी धीट बाईचा वाटला.

ती दचकली नाही. आपण दचकलो नाही, हेही तिला मागाहून कळलं.

मग उजव्या बाजूनं, अगदी जवळून, काठी दगडावर टेकल्याचा आवाज आला.

“ओ,” माई म्हणाल्या. “ये, पाय चाचपत ये. हाक मारलीस, आता तुला ठेवून घ्यायला मला काही कारण उरलं नाही.”