आईच्या लॅपटॉपवर लिनक्स

“...पण यातलं सगळ्यात हलकं कोणतं, मास्तर?”

हबीब मास्तरांनी मान वर केली नाही. दाढीच्या जुन्या ब्रशने ते एका कीबोर्डमधली धूळ झाडत होते.

“हलकं कशाला हवं?”

“लॅपटॉप दहा वर्षांचा आहे. मेमरी दोन जीबी. विंडोज सुरूच होत नाही, नुसतं गोल फिरत राहतं. मी विंडोजच्या जागी घालायला तीन पेनड्राइव्हवर तीन वेगवेगळी लिनक्स घालून आणलीत. जुनं सगळं पुसायचं, त्यातलं एक बसवायचं आणि लॅपटॉप आईच्या शाळेला देऊन टाकायचा. परवा माझं विमान आहे.”

शुद्धोधन हे सगळं एका दमात बोलला. जर्मनीतल्या नोकरीत त्याला तशी सवय लागली होती.

खुलताबादेत दर्ग्यामागच्या मुसाफिरखान्यात मास्तरांची एक खोली होती. तीस वर्षं हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्यावर ते इथे येऊन राहिले. लोकांनी टाकून दिलेली मशिनं दुरुस्त करायचे आणि ज्याला हवं त्याला देऊन टाकायचे. शुद्धोधनने आयुष्यातला पहिला माउस यांच्याच वर्गात हातात धरला होता.

“तुझ्या हाताखाली किती मशिनं आहेत म्हणालास?”

“चारशे सर्व्हर. सगळे लिनक्सवरच.”

“मग हे मला कशाला विचारतोस?”

शुद्धोधन हातातला पेनड्राइव्ह फिरवत राहिला.

काल घरी त्याने तीनदा पेनड्राइव्ह लावला होता. ‘डिस्क पुसून बसवा’ या ओळीपर्यंत तीनदा गेला होता आणि तीनदा बोट मागे घेतलं होतं. हे काही तो मास्तरांना सांगणार नव्हता.

त्याच्या आईला, कौसल्याबाईंना, जाऊन सोळा दिवस झाले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी दोन पिढ्यांना बाराखडी शिकवली. मुलगा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

“पुसायच्या आधी नुसतं चालवून बघ,” मास्तर म्हणाले.

“बघायचं काय त्यात? चालणार आहे. मला माहीत आहे.”

“असू दे.”

त्याने जरा नाखुशीनेच लॅपटॉप उघडला. पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या. मिनिटभरात करडा, रिकामा, स्वच्छ पडदा समोर आला. पंख्याचा आवाजसुद्धा नाही.

“बघा. उडतंय.”

“कशावर चाललंय?”

“पेनड्राइव्हवर. काढून घेतला की याला काही आठवणार नाही. आतल्या डिस्कला अजून हात लागलेला नाही.”

“म्हणजे आतलं आहे तसं आहे.”

“हो.”

“बघितलंस?”

त्याने जोडलेला माउस उगाच हलवला.

“शाळेला द्यायचा आहे ना... मग आत काय आहे ते देणाऱ्याला माहीत हवं.”

त्याने डिस्क उघडली. फार काही नव्हतंच. विजेची बिलं. शाळेच्या निरोप समारंभाचे फोटो, त्यातले निम्मे हललेले. बाबासाहेबांच्या जयंतीच्या भाषणाचा मसुदा. आणि एक लहानशी फाइल. नाव होतं ‘शुद्धू’.

मास्तरांचा ब्रश चालू होता.

त्याने फाइल उघडली.

*शुद्धूशी बोलताना*

*१. हिरव्या चौकोनावर दोनदा दाबायचं. पटपट. (माझं हळू होतं.)*

*२. तो दिसतो पण त्याला ऐकू जात नाही, असं झालं तर खाली माइकची खूण बघायची.*

*३. खुणेवर तिरकी रेघ म्हणजे बंद. मागच्या वेळी मी उलटं समजले.*

*४. “आई, हे दहा वेळा सांगितलंय.”*

*५. “एवढं साधं कळत नाही?”*

*६. तो कामात असतो. परत विचारायचं नाही.*

*७. नाही जमलं तर झाकण लावून ठेवायचं.*

चौथ्या आणि पाचव्या ओळीला तिने अवतरणचिन्हं दिली होती. शुद्धलेखनात तिची कधी चूक व्हायची नाही.

त्याने तारीख पाहिली. दीड वर्षापूर्वीची. त्यानंतर काही दिवसांनी ती फोनवर म्हणाली होती, ते मशीन बिघडलंय रे. तो म्हणाला होता, असू दे, आलो की बघतो. पुढे ती त्याबद्दल बोलली नाही. त्याला तेव्हा बरंच वाटलं होतं. रविवारच्या व्हिडिओ कॉलची तेवढी कटकट गेली होती.

बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं.

“काय निघालं?” मास्तरांनी विचारलं.

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मास्तरांनी चष्मा लावून सात ओळी वाचल्या. पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. मग चष्मा काढून कुडत्याच्या टोकाला पुसत राहिले.

“आता बसवायचं?”

“नको.”

“मग?”

“माहीत नाही...” तो म्हणाला. “चारशे मशिनांतलं एखादं अडलं तर मी रात्र रात्र बसतो, मास्तर. तिच्यासाठी दहा मिनिटं... आता काय करू, तुम्हीच सांगा.”

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला. स्टूल ओढून ते लॅपटॉपसमोर येऊन बसले.

“याचा माइक कसा चालू करायचा?”

“तुम्हाला माहीत आहे.”

“मला येत नाही.”

“मला कॉम्प्युटर तुम्हीच शिकवलात.”

“असेल. आता येत नाही.”

शुद्धोधन त्यांच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर चेष्टेची एक रेघ नव्हती.

“खाली उजवीकडे खूण आहे,” शेवटी तो म्हणाला. “तिच्यावर दाबा.”

मास्तरांनी माउस हलवला. बाण हळूहळू डावीकडे गेला.

“उजवीकडे.”

बाण उजवीकडे आला, खुणेवरून पुढे निघून गेला. मास्तरांनी दाबलं. घड्याळ उघडलं.

“हे नाही. त्याच्या शेजारचं.”

“पुन्हा सांग.”

त्याने पुन्हा सांगितलं. घड्याळ पुन्हा उघडलं.

“पुन्हा सांग.”

त्याने सांगितलं. या वेळी मास्तरांचं बोट बटणावरून घसरलं आणि भलतीच खिडकी उघडली.

शुद्धोधनच्या छातीत काहीतरी चढत आलं. ओळखीचं होतं ते. रविवारी संध्याकाळी, जेवण निवत असताना यायचं तेच. शब्द जिभेच्या टोकाशी आले. पडद्यावर उघड्या खिडकीमागून ती फाइल अर्धी दिसत होती.

त्याने ओठ घट्ट मिटले. डोळे भरून आले होते, ते पुसायलाही हात उचलला नाही.

मास्तर पडद्याकडेच बघत होते. हात माउसवर तसाच.

“हं,” ते म्हणाले. “पुन्हा सांग.”