पुजारणीचा वर केलेला हात

गोष्टीचा खेळ मांडला की आमचा हेरंबदादा स्वतःला देवच समजायचा. किल्ला त्याचा, राक्षस त्याचे, फासे त्याचे आणि नियमांचं जाडजूड पुस्तकही त्याच्याच मांडीवर. आम्ही आपलं त्याच्या गोष्टीतली पात्रं होऊन लढायचं आणि मरायचं. त्या रविवारी दुपारपर्यंत मी आणि सुहृद मरूनही बसलो होतो. उरली होती एकटी केतकी, म्हणजे खेळातली युद्धदेवीची पुजारीण.

किल्ल्याच्या दारात राक्षसांची फौज उभी होती. हेरंबदादा मिशीतल्या मिशीत हसत म्हणाला, "काय पुजारीणबाई, शरण येताय ना? देवीचा अग्निमंत्र दिवसातून एकदाच चालतो, आणि तो तुम्ही सकाळच्या लढाईत वापरून बसलात."

"सकाळी आभाळातून आग पडली, ती या फौजेनं पाहिली होती?" केतकीनं विचारलं.

"पाहिली म्हणजे? यांचे निम्मे भाऊबंद त्यातच जळाले की!"

"मग माझी पुजारीण पुढे होते, डोळे मिटते आणि हात आभाळाकडे उचलते."

"अगं, पण मंत्र संपलाय तुझा!" दादा ओरडला.

"ते तुला ठाऊक आणि मला ठाऊक," केतकी शांतपणे म्हणाली. "त्यांना कोण सांगणार? नियमांचं पुस्तक तुझ्या मांडीवर आहे, त्यांच्या नाही."

दादानं पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. हात वर करायला बंदी घालणारा नियम काही सापडेना. शेवटी तो पडेल आवाजात म्हणाला, "फौज पळाली. दार उघडं आहे."

सगळ्यात मोठ्यानं ओरडलो ते आम्ही दोघं मेलेले.