हसण्याची शपथ

फार फार पूर्वी, आफ्रिकेच्या पश्चिमेकडे, जिथल्या लोकांनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता अशा मुलखात एक लहानसं गाव होतं. गावात शेतकरी राहत आणि गावाबाहेरच्या माळावर गुराखी. एकाची बाजरी, दुसऱ्याचं दूध, असं दोघांचं भागत असे.

या दोन्ही जमातींच्या पूर्वजांनी एक शपथ घेतली होती. एकमेकांची खुशाल थट्टा करायची. पण थट्टेवर रागवायचं नाही आणि एकमेकांचं रक्त कधी सांडायचं नाही. म्हणून बाजारात गुराखी शेतकऱ्याला ‘खादाड’ म्हणे, शेतकरी गुराख्याला ‘गाईचं शेपूट’ म्हणे, आणि दोघंही हसत.

एका वर्षी पाऊस बेताचाच झाला. तरी सिबिरी नावाच्या शेतकऱ्यानं राब राब राबून बाजरी पिकवली. कापणी तोंडावर आली. अशातच एका सकाळी हमादी नावाच्या गुराख्याचा डोळा लागला आणि त्याची गुरं सिबिरीच्या शेतात शिरली. निम्मं पीक फस्त झालं.

सिबिरीनं शेत पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे घरातली पोरं उभी राहिली. त्यानं कुऱ्हाड उचलली. भाऊबंद त्याच्या मागोमाग निघाले. माळावर गुराख्यांनीही काठ्या हाती घेतल्या. शपथ कुणालाच आठवली नाही.

आठवली ती एकटीला. हमादीची म्हातारी आई काठी टेकत पुढे आली आणि थेट सिबिरीच्या कुऱ्हाडीसमोर फतकल मारून बसली.

“काय रे खादाडा,” ती म्हणाली, “माझ्या गाईंनी घासभर बाजरी खाल्ली, तर केवढा जीव जळतोय तुझा! एकट्यानंच संपवायची होती का सगळी?”

सगळे जागच्या जागी थबकले. म्हातारीचा आवाज खणखणीत होता, पण तिचे हात थरथरत होते. सिबिरीला ते दिसलं. भीती वाटत असूनही ही बाई आपल्यापुढे येऊन बसली, हे त्याला उमगलं. मग त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

“म्हातारे,” तो म्हणाला, “तुझा लेक झोपा काढतो आणि गाई पोटापाण्याचं बघतात. उद्यापासून गाईंनाच सांग, त्याला राखायला!”

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरा हसला. बघता बघता दोन्हीकडची माणसं पोट धरून हसू लागली. काठ्या खाली आल्या.

म्हातारी मात्र उठली नाही. “हसून झालं,” ती म्हणाली, “पण हसण्यानं पोरांची पोटं भरत नाहीत. हमादी, पुढे ये.”

हमादी मान खाली घालून आला. “चूक माझी आहे, दादा. पुढच्या सुगीपर्यंत तुझ्या पोरांना माझ्या गाईंचं दूध मिळेल. आणि उन्हाळाभर मी तुझ्याच शेतात गुरं बसवीन. जमिनीला खत होईल.”

त्यानं शब्द पाळला. ते वर्ष ओढगस्तीचं गेलं, पण सिबिरीच्या घरातलं एकही पोर उपाशी निजलं नाही. पुढच्या वर्षी त्या शेतात अशी बाजरी आली, की कणसांच्या भारानं ताटं वाकली. तेव्हापासून त्या मुलखात भांडण पेटलं, की शस्त्राआधी समोरच्या जमातीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला बोलावणं जाऊ लागलं.

तात्पर्य: हसून राग विझवणारा शूर खरा; पण झालेलं नुकसान भरून देतो, त्याचंच हसणं टिकतं.