ओल्या मेंदीचे हात

“ताईत देता का नाही, बूबू? तेवढं एक सांगा.”

भामा उभ्यानंच विचारत होती. बस म्हटलं तरी बसली नव्हती.

टेकडीवरच्या दर्ग्यामागं मेंदीचं कुंपण आहे. त्या कुंपणाच्या आत, एका खोलीत बूबू राहायची. म्हातारी, एकटी, वाऱ्यानं उडेल अशी. आजूबाजूच्या गावांतल्या बाया, हिंदू काय नि मुसलमान काय, लेकराची दृष्ट नि नवऱ्याची दारू पदरात बांधून तिच्याकडं चढायच्या. ती फार बोलायची नाही. बोलली तर झोंबायचं.

आत्ता ती पाट्यावर मेंदीचा पाला वाटत होती.

“ताईत कुणाला?”

“माझ्या कस्तुरीला. बारा वर्षांची घोडी झाली, जेवलेलं ताट उचलत नाही. काडी इकडची तिकडं करत नाही. मारून बघितलं, गोड बोलून बघितलं. आता तुम्हीच काहीतरी बांधा तिच्या गळ्यात.”

“एवढी घाई?”

“परवा माझं ऑपरेशन आहे. पिशवी काढणारेत. उद्या दवाखान्यात भरती व्हायचं. मालक माझ्यापाशी थांबणार. घरात राहिली कस्तुरी आणि तिचा धाकटा भाऊ. शेजारीण सोबतीला येईल निजायला, पण तिनं माझ्या घरात भाकरी पण थापायची का? आणि घरी आल्यावर तरी काय... डॉक्टर म्हणतो, चार महिने कळशी उचलायची नाही.”

बूबूचा वरवंटा चालूच होता.

“आणि परत आलेच नाही तर?” भामा हळू म्हणाली.

वरवंटा थांबला.

...

भामा रडली नाही. रडणाऱ्यातली नव्हती ती. गावात म्हणायचे, घर ठेवावं तर भामानं. भांडं असं की तोंड बघून कुंकू लावावं. दाराला कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा कायम कमरेला. शेतावर गेली तरी कमरेला, लग्नाला गेली तरी कमरेला. पोरं शाळेतून आली की आई येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची. उगाच घर उसकटायला नको.

“पोरीनं कधीच काम केलं नाही?” बूबूनं विचारलं.

“केलं की! लहान होती तेव्हा हौसेनं करायची. पण ते काय करणं? झाडलं तर कोपरा तसाच. भांडी घासली तर कडेला खरकटं.”

“मग?”

“मग काय? मी परत झाडायची. परत घासायची.”

“तिच्यासमोर?”

“नाहीतर काय देवळात जाऊन घासू?”

बूबूनं मान हलवली आणि पुन्हा वाटायला लागली. हातात जोर नव्हता. पाला नुसताच चेचला जात होता, शिरा तशाच दिसत होत्या.

भामानं थोडा वेळ बघितलं. मग आणखी थोडा वेळ. मग तिला राहवेना.

“अहो सरका! असं वाटतात का? द्या इकडं.”

बूबू सरकली.

भामानं पदर खोचला आणि पाट्यावर बसली. आत्तापर्यंत तीनदा बस म्हटलं तरी न बसलेली बाई कामाला मात्र न सांगता बसली. पोटात कळ येत होती, तरी वाटलं. लोण्यासारखं वाटलं. पाटा धुतला. कडेचा माठ वाकडा होता तो सरळ केला. त्याच्यावरचं फडकं झटकून नीट घडी घातली.

बूबू बाजूला हात मांडीत घेऊन बसून होती. आपल्याच घरात पाहुणी असल्यासारखी.

“झालं?” तिनं विचारलं.

“झालं. आता ताईत?”

बूबूनं वाटलेली मेंदी एका पातेल्यात काढली आणि पुढं सरकवली.

“घाल हात.”

“माझे? ताईत पोरीला पाहिजे, बूबू.”

“घाल.”

“ह्या वयात मेंदी? दवाखान्यात हसतील मला.”

“हसू दे. मनगटापर्यंत घाल.”

भामानं हात घातले. भेगांमध्ये गार गार लागलं. बाहेर काढले तर दोन्ही हात चिखलातून काढलेल्या मुळ्यांसारखे.

“आता घरी जा. ओली आहे तोवर कशाला हात लावायचा नाही. आणि आपल्या हातानं धुवायची नाही. पोरगी धुईल तेव्हा धुवायची.”

“आणि तिनं नाही धुतली तर?”

“तर हिंड तशीच.”

...

भामा टेकडी उतरली. दोन्ही हात पुढं धरून. वाटेत पदर घसरला, तो सावरता येईना. माशी नाकावर बसली, ती हाकलता येईना. मनातल्या मनात तिनं बूबूला काय काय शिव्या दिल्या ते लिहिण्यासारखं नाही.

पोरं उंबऱ्यावर बसलेली. दप्तरं मांडीवर.

“आई, हे गं काय?” कस्तुरी उठली.

“काय नाही. दार उघड.”

“मी?”

“मग काय मी पायानं उघडू? किल्ली काढ कमरेची.”

कस्तुरी पुढं झाली आणि थांबली. आईच्या कमरेला तिनं कधी हात लावला नव्हता. त्या जुडग्याला तर नाहीच. चाचपडत तिनं किल्ली काढली. कुलपात घातली तर उलटी. भामाच्या ओठावर बोल आला होता, पण तेवढ्यात कुलूप निघालं.

दिवस कलला. धाकटा भूक भूक करायला लागला.

“आई, भाकरी?”

भामानं हात बघितले. मधल्या भागात अजून ओलंच होतं.

“कस्तुरे... पीठ काढ.”

पोरगी एवढ्या मोठ्या डोळ्यांनी बघत राहिली. मग परात घेतली. पाणी जास्त झालं, पीठ चिकटलं. परत पीठ घातलं, गोळा कोरडा पडला. भामा भिंतीला टेकून बसली होती. दोनदा उठली. दोनदा हात तसेच पुढं धरून परत बसली. बाळंतपणाच्या कळा सोसल्या होत्या तिनं, पण ही कळ वेगळीच होती.

भाकरी तव्यावर पडली. एका बाजूला जाड, एका बाजूला कागद. कडा तुटलेली.

“ताई, ही भाकरी आहे का चप्पल?” धाकटा हसला.

“चप्पल असली तर तू नको खाऊ.”

बोलली धाकट्याला, पण बघत होती आईकडं. मान थोडी आत ओढून घेतलेली. मार येणार असला की कुत्र्याचं पिल्लू घेतं, तशी.

भामाला ते दिसलं. पहिल्यांदाच दिसलं. रोज समोर होतं, पण रोज तिची नजर भांड्याच्या कडेवर असायची.

“आई, तू कशी जेवशील?”

भामानं मेंदीचे हात वर करून दाखवले.

कस्तुरीनं ताटात भाकरी आणि आपणच केलेली आमटी घेतली. समोर बसली. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि आईच्या तोंडाशी नेला.

भामाला खूप काही बोलायचं होतं. भाकरी आतून कच्ची होती. बाहेरून जळली होती. आमटीत मीठ नव्हतंच. पण तोंडात घास होता.

तो संपला की दुसरा यायचा.

...

जेवण झाल्यावर पोरीनं आपण होऊन ताटं उचलली. घासली. आवाजावरनं भामाला कळत होतं की राख नीट फिरत नाहीये. मग कस्तुरी तांब्या घेऊन आली आणि आईचे हात आपल्या हातात घेतले. सुकलेली मेंदी पोपडे होऊन पडत होती.

“आई, तुझे हात किती खरखरीत आहेत गं.”

पोरीनं हे हात पाठीवर पुष्कळदा सोसले होते. धरून बघायला आज मिळाले होते.

हात धुतले गेले. लालभडक निघाले. आणि मोकळे झाले.

मोकळे झाल्याबरोबर भामा उठली ती सरळ मांडणीपाशी गेली. सवय अशी असते. वरचं ताट उचललं. कडेला खरकटं होतंच. आमटी लागलेली, राखेचा पट्टा तसाच. ती मोरीकडं वळली.

दारात कस्तुरी उभी होती.

पोरीनं ताटाकडं बघितलं, आईकडं बघितलं. आणि तिचा चेहरा मिटायला लागला. दार मिटतं तसा, सावकाश, आवाज न करता.

भामाच्या हातात ताट होतं. पाण्याची बादली पायाशी होती. एक हात फिरवला की झालं असतं.

...

तिनं ताट मांडणीत परत ठेवलं. खरकटी कड भिंतीकडं करून.

“पडा आता,” ती म्हणाली. “उद्या मला लवकर निघायचंय.”

सकाळी दवाखान्याची बस होती. नवरा पिशवी घेऊन फाट्यावर थांबला. ‘आले’ म्हणून भामा पुन्हा टेकडी चढली. दोन ठिकाणी बसून, दम घेत.

बूबू पाट्यापाशीच होती. कुणा दुसरीसाठी पाला वाटत होती. तसाच जाडाभरडा, शिरांसकट.

भामाचा हात पुढं झाला.

तिनं तो मागं घेतला. दोन्ही लाल हात पदरात गुंडाळले आणि खाली बसली. आज न सांगता बसली.

“जाड झालंय का गं?” बूबूनं विचारलं.

“झालंय.”

“वाटतीस?”

भामानं ओठ दाबले. “...नको. वाटा तुम्हीच.”

बूबू वाटत राहिली.

“भाकरी कशी होती?”

“कच्ची.”

“मग?”

“खाल्ली.” भामाचा आवाज पहिल्यांदाच हलला. “बूबू, सकाळी मी उठायच्या आधी चहा ठेवला होता तिनं. साखरच साखर. आणि मी तिला अजून एक बरा शब्द बोलले नाही. बोलता येत नाही मला. तुम्ही ताईत द्या, मी तो बांधते आणि जाते. मी आले नाही तर... तेवढं तरी माझ्या हातचं राहील तिच्या गळ्यात.”

बूबूनं पदराला हात पुसले. उशाखालून एक काळा दोरा काढला, तोंडाशी धरून पुटपुटली आणि भामाच्या लाल तळव्यावर ठेवला.

भामानं दोरा उलटापालटा करून बघितला. दोराच होता. नुसता.

“ह्याच्यात ताईत कुठंय?”

बूबूनं तिच्याकडं वर बघितलं नाही. बघितलं ते कमरेकडं. तिथं चालताना वाजणारा तो किल्ल्यांचा जुडगा होता.

“दवाखान्यात कुठलं कुलूप उघडायचंय गं तुला?”